कागद घरून नेणारे बागवानकाका

आमच्या सोसायटीत भेळ खायला जाताना खिशात कागद घेऊन जाणारा एकच माणूस होता. अन्वर बागवान. धायरीच्या चौकातल्या गाडीवर आमची पाळी आली, की भेळवाला सवयीने वर्तमानपत्राचा तुकडा उचलायचा. तो उचलायच्या आत बागवानकाका शर्टाच्या वरच्या खिशातून चौपदरी घडी केलेला कोरा पांढरा कागद काढून त्याच्यापुढे धरायचे. "ह्यात द्या."

पहिल्या वेळी भेळवाल्याला ते लागलं असावं. "का वो काका, आमचा कागुद वाईट हाय का?"

"कागद चांगला आहे. शाई वाईट आहे. अडतीस वर्षं त्या शाईत हात घालून बसलोय मी. हाताची निघत नाही, तर पोटाची काय निघणार?"

त्यानंतर तो त्यांच्याच कागदात भेळ द्यायला लागला. पण पुढे मी एकटी गेले की मलाच विचारायचा, "ताई, तुमचा कागुद आणलाय न्हवं?" मी आणलेला नसायचा, आणि उगाच अपराध्यासारखं वाटायचं. काकांची हीच तर गंमत होती. ते कुणाला उपदेश करत नसत, पण आपण चुकतोय हे आपलं आपल्याला कळू लागायचं आणि त्याचा जरा त्रास व्हायचा.

काका मूळचे मंडईजवळचे. वडील आणि दोन्ही भाऊ फळांच्या गाळ्यावर. यांनाही तिथे बसवून पाहिलं. "गाळ्यावर ओरडावं लागतं, ताई. मला ते जमेना. कागद ओरडायला लावत नाही," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. म्हणून ते अठराव्या वर्षी पेठेतल्या एका छापखान्यात कटिंगच्या यंत्रावर लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. निवृत्तीनंतर धायरीला आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात राहायला आले. मजल्यावर तीनच दारं. एक आमचं, एक काकांचं आणि मुमताजकाकूंचं, आणि तिसरं दामल्यांचं. दामल्यांचं नंतर सांगते, कारण दामले मध्ये आले की दुसऱ्या कुणाचं काही सांगून होत नाही.

हातात आलेला कोणताही कागद काका आधी अंगठा आणि तर्जनीत घासून बघायचे. मग कानाजवळ नेऊन एकदा झटकायचे. आणि शेवटी, कुणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटलं, की कोपऱ्याचा इवलासा तुकडा फाडायचे. लक्ष सगळ्यांचंच असायचं. सोसायटीतल्या कुठल्याही लग्नाची पत्रिका त्यांच्या घरी बघा, तिला तीनच कोपरे. विजेच्या बिलालाही तीनच. एकदा देखभालीच्या पावतीचा कोपरा फाडताना सेक्रेटरींनी त्यांना पाहिलं आणि विचारलं, "का हो, काही चुकलंय का पावतीत?" काका म्हणाले, "मजकूर मी वाचला नाही अजून. कागद हलका आहे."

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या एअर फ्रायरमुळे. तो मला वाढदिवसाला नवऱ्याने दिला. बायकोला भेट म्हणून स्वयंपाकाचं यंत्र दिलं, की त्यातून आपल्याला रोज काहीतरी कुरकुरीत मिळेल, हा त्यातला उदात्त विचार मला लगेच कळला. तरी मी उत्साहाने वाण्याकडून 'बटर पेपर'ची गुंडाळी आणली. यंत्राच्या भांड्यात कागद अंथरला आणि आधी यंत्र तापवून घ्यावं म्हणून रिकामंच सुरू केलं. दोन मिनिटांत आतून फडफड ऐकू आली, मग एक वास आला, आणि मी वासाचा विचार करतेय तोवर दाराची बेल वाजली.

दारात काका. पायजमा, बनियन, वरून घाईघाईत घातलेला शर्ट, बटणं वरखाली. "ताई, कागद जळतोय. मेणाचा आहे. आत येऊ का?"

आत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा भिंतीतली पिन काढली. मी भांडं ओढायला गेले तर म्हणाले, "थांबा. बंदच राहू द्या. हवा मिळाली की त्याला जोर येतो." धूर बसल्यावर त्यांनी भांडं बाहेर ओढलं. कागद उडून वरच्या तापलेल्या तारेला जाऊन चिकटला होता आणि त्याची काळी जाळी झाली होती. यंत्र निवल्यावर ती त्यांनी चिमट्याने हलकेच सोडवून काढली, सुरकुतलेल्या नोटेसारखी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे असं पाहिलं की मला त्या कागदाची क्षमा मागावीशी वाटली.

मग त्यांनी उरलेल्या गुंडाळीवर नखाने एक रेघ ओढली आणि नख मला दाखवलं. नखात पांढरट मेण साठलं होतं. "दुकानदार सगळ्यालाच बटर पेपर म्हणतो. हा सँडविच गुंडाळायचा. गरम झाला की मेण वितळतं, धूर होतो. भट्टीचा कागद वेगळा असतो, त्याला सिलिकॉनचा हात दिलेला असतो. डब्यावर आकडा लिहिलेला असतो, किती गरमीपर्यंत चालेल त्याचा. आकडा नाही, तर तो कागद भट्टीचा नाही, हे धरून चालायचं."

"पण काका, तुम्हाला दारातून कसं कळलं मेणाचा आहे ते?"

"कागद जळला तर वखारीसारखा वास येतो. हा देवळासारखा आला, वात विझल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खऱ्या कागदाचे बारा गोल कापून आणून दिले. कंपास वापरला नव्हता. कागदाची घडी, तिची घडी, तिचीही घडी, मग टोकापासून माप आणि एकच कात्री. बाराही गोल एकावर एक ठेवले तर कडेला बोट फिरवून कळत नव्हतं की ते बारा आहेत.

कागदाचं काम हे त्यांचं असलं, तरी भाजण्याचं खातं मुमताजकाकूंचं होतं. काकूंची नानखटाई आमच्या मजल्याचा अभिमान होती, आणि केकही त्या उत्तम करायच्या. "ती भाजते, मी कापतो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, वाटणी बदलली नाही," असं काका म्हणायचे. काकूंचं म्हणणं वेगळं. "यांना केकची चव विचारा, सांगायचे नाहीत. केकखालचा कागद कसा सुटला ते मात्र अर्धा तास सांगतील."

एकाच गोष्टीवर त्या दोघांचं कधी जमलं नाही. केकच्या चौकोनी भांड्यात कागद नीट बसावा म्हणून काकू तो आधी चुरगळून त्याचा गोळा करायच्या आणि मग उलगडून अंथरायच्या. तसा केलेला कागद खरोखरच कोपऱ्यात छान बसतो. पण ज्या माणसाने अडतीस वर्षं कागदाला सुरकुती पडू दिली नाही, त्याला ते बघवायचं नाही. काकूंनी कागद हातात घेतला की काका उठून गॅलरीत जायचे. गोळा होतानाचा आवाज तिथपर्यंत यायचा, आणि मग ते कुंडीतल्या गवती चहाला पाणी घालायचे. त्या घरात जेवढे केक झाले तेवढं पाणी त्या गवती चहाला मिळालं, आणि तो माणसाच्या छातीएवढा वाढला.

छापखान्यातली एक गोष्ट ते आवडीने सांगायचे. आवडीने म्हणजे स्वतःवर हसत. एकदा पाचशे लग्नपत्रिकांचा गठ्ठा यंत्राखाली घेताना तो दोराभर सरकला आणि पात्याखाली सगळ्या पत्रिकांमधली शेवटची ओळ गेली. शेवटच्या ओळीत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव होतं. मालक म्हणाला, घाईचं काम आहे, देऊन टाक, कुणाच्या लक्षात येतंय. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा छापून घेतल्या, स्वतः कापल्या, आणि संध्याकाळी दोन्ही गठ्ठे सायकलला लावून त्या लग्नघरी गेले. दार उघडलं ते नेमकं आजोबांनी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चुकलेला गठ्ठा आधी दाखवला, मग दुरुस्त केलेला. ते दोन्ही बघून म्हणाले, चहा घेणार का? ताई, नुसता चुकलेला नेला असता तर मार खाल्ला असता. नुसता बरोबरचा नेला असता तर मला झोप लागली नसती. दोन्ही न्यावे लागतात."

आता दामले.

वसंतराव दामले म्हणजे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी माधवी बंगळूरला. दामल्यांचा दिनक्रम सकाळी सव्वासातला बागवानकाकांशी भांडण करून सुरू व्हायचा. विषय लागायचा नाही. लिफ्ट पुरेशी होती.

"बागवान, आज उशीर."

"आपलं घड्याळ पुढे आहे, दामलेसाहेब."

"घड्याळ बरोबर आहे. माणूस मागे आहे."

हे असं तळमजल्यापर्यंत. खाली उतरल्यावर दोघं फाटकापर्यंत एकमेकांशेजारून चालायचे, दुधाच्या पिशव्या घ्यायचे आणि वर येताना उरलेलं भांडण पुरं करायचे. एखाद्या दिवशी काका गावाला गेले, की दामले लिफ्टच्या आरशाकडे रागाने बघत खाली जाताना मी पाहिले आहेत.

दामले दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, तेव्हा माधवीने येऊन गॅसची जोडणीच काढायला लावली. दोन वेळचा डबा लावला आणि वरच्या खाण्यासाठी एक एअर फ्रायर घेऊन दिला. जाताना माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, आता एक जरी भानगड झाली तरी मी तुम्हाला घेऊन जाणार. मग चर्चा नाही." आणि माझा नंबर घेऊन गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा, बाबा ठीक ना म्हणून. मी ठीक म्हणायचे. ते तेव्हा खरंही होतं.

एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला पुन्हा तो वास आला. देवळासारखा. मी दार उघडलं तर समोरून काकाही बाहेर पडत होते. आम्ही दोघांनी एकदम दामल्यांची बेल वाजवली.

दार दोन बोटं उघडलं. फटीतून अर्धा चष्मा दिसला. "काही नाही. उदबत्ती लावली होती."

"मेणाची?" काकांनी विचारलं.

दार उघडावंच लागलं. आत स्वयंपाकघरात धूर, दामल्यांच्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, त्याने ते वारा घालत होते. काकांनी पिन काढली, धूर बसू दिला, भांडं बाहेर ओढलं. आत मिठाईच्या डब्यातला कागद होता. पेढ्यांखाली असतो तो, चकचकीत. दामले तो कागद कधी टाकून देत नसत. ओल्या फडक्याने पुसायचे, वाळवायचे आणि गादीखाली दाबून ठेवायचे. अशी त्यांच्या गादीखाली चाळीसेक कागदांची थप्पी होती. "चांगला कागद टाकवत नाही," ते पुटपुटले. कागदाच्या प्रेमापोटी घडलेला गुन्हा होता तो, त्यामुळे काकांनाही रागावता येईना.

दामले खुर्चीवर बसले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माधवीला सांगणार का?"

मी धूर जावा म्हणून खिडकी उघडली.

"चौदावा मजला आहे तिचा. शेजारच्याकडे जायचं तर आधी फोन करून विचारायचं. सगळे फार सभ्य आहेत. मी तिथे कोणाशी भांडणार?"

 'नाही सांगणार' हे शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात काका म्हणाले, "सांगायचं, ताई. पण आज नाही, रविवारी. एक गठ्ठा तयार आहे, दुसरा करायला मला पाच दिवस द्या."

मग पाच दिवस आमच्या मजल्यावर शाळा भरली. एवढा हट्टी विद्यार्थी आणि एवढा चिवट मास्तर मी एका खोलीत पूर्वी पाहिला नव्हता. दामल्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे गोल कापणं त्यांना शक्य नव्हतं. काकांनी जाड पुठ्ठ्याचा एक साचा करून दिला, भांड्याच्या तळापेक्षा बोटभर लहान. तो कागदावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. जरा वाकडं झालं तरी चालेल, पण कड वर येता कामा नये, कारण वर तार असते. कागदाला भोकं पाडायला छापखान्यातला जुना पंच आणला. "खालची हवा वर यायला वाट पाहिजे. सगळं झाकून टाकलंत तर यंत्र घेतलंत कशाला?"

एवढं दामल्यांना पटलं. पटेना ते एकच. यंत्र तापताना कागद आत का ठेवायचा नाही? "कधीतरी ठेवायचाच ना? मग आधीच ठेवला तर काय बिघडलं? नंतर हात भाजतो." तीन दिवस काका समजावत होते, आणि तिन्ही दिवस दामले मान डोलावून पुन्हा कागद रिकाम्या भांड्यात टाकत होते. काकू म्हणाल्या, राहू द्या, त्यांच्या लक्षात नाही राहणार. काका त्या संध्याकाळी प्रथमच मला खचलेले वाटले.

चौथ्या दिवशी ते दामल्यांकडे गेले आणि टेबलावर नुसता एक गोल कागद ठेवला. छताचा पंखा पाचवर केला. कागद उडाला आणि कपाटामागे गेला.

"दामलेसाहेब, कचेरीत डोक्यावर पंखा होता ना?"

"होता. दोन होते. एक चालायचा."

"टेबलावर सुटा कागद ठेवून पंखा लावला तर काय व्हायचं?"

"साहेब ओरडायचा," दामले ताबडतोब म्हणाले. "पेपरवेट नसेल तर पंखा लावायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत असे."

काकांनी दुसरा कागद ठेवला आणि त्यावर एक बटाटा ठेवला. पंखा फिरत होता, कागद हलला नाही. मग त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "ह्याच्या पोटात पंखा आहे."

दामले बराच वेळ बटाट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बटाटा हा पेपरवेट. असं आधी सांगायचं, बागवान. तीन दिवस फुकट घालवलेत माझे." आणि कागद-पेन घेऊन त्यांनी तिथल्या तिथे एक टिपण लिहिलं, जे आजही त्यांच्या ओट्यावरच्या फरशीवर चिकटवलेलं आहे. विषय: यंत्रामध्ये कागद वापरणेबाबत. सदर कागद वजनाशिवाय यंत्रात ठेवण्यात येऊ नये. खाद्यपदार्थासह एकाच वेळी ठेवण्यात यावा. डब्यावरील आकड्यापेक्षा अधिक उष्णता देण्यात येऊ नये. मेणाचा, छापील अथवा मिठाईच्या डब्यातील कागद कटाक्षाने टाळावा. तपकिरी होऊन तुटू लागलेला कागद तात्काळ निकाली काढावा. काकांनी ते घासून पाहिलं, झटकून पाहिलं, आणि मग एक कोपरा फाडला.

रविवारी माधवीचा फोन आला. मी दोन्ही गठ्ठे तिच्यापुढे ठेवले. धूर सांगितला, आणि पाच दिवसांची शाळाही सांगितली.  मग ती म्हणाली, "मी शुक्रवारी रात्री पोचते." वडिलांना तिने निरोप पाठवला की परतीची दोन तिकिटं काढली आहेत. दामल्यांनी तो निरोप मला दाखवला. सोमवारी सव्वासातला लिफ्टमध्ये भांडण झालं नाही. मंगळवारीही नाही.

शनिवारी सकाळी परीक्षा होती. माधवी म्हणाली, "बाबा, मला काहीतरी करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही." दामल्यांनी काकूंची नानखटाई निवडली. मला साक्षीदार म्हणून आत बसवलं. काकांना माधवीने स्वतः बोलावलं, पण ते आले नाहीत. "परीक्षेच्या वेळी मास्तर वर्गात नसतो," म्हणाले आणि बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. दार उघडंच होतं. त्यांचा खांदा मला दिसत होता.

दामल्यांनी पीठ मळून ठेवलं होतं. थरथरत्या हातांनी सहा गोळे केले, ताटलीत ओळीने ठेवले. प्रत्येकावर पिस्त्याचा काप. साच्याने कापलेला कागद ओट्यावर तयार. यंत्र रिकामं तापत होतं. ते मागे वळून चष्मा पुसायला लागले, आणि मध्ये न बोलणाऱ्या माधवीला ओट्यावरचा कागद दिसला.

"बाबा, कागद घालायचा राहिला तुमचा," असं म्हणत तिने भांडं ओढलं आणि कागद आत टाकायला हात पुढे केला.

"पेपरवेट."

एवढ्या मोठ्या आवाजात दामल्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कचेरीत ते असेच बोलत असतील. त्यांनी मुलीचं मनगट धरलं होतं, आणि तो हात मुळीच थरथरत नव्हता. "पेपरवेट कुठे आहे, माधवी? आत पंखा आहे. सुटा कागद उडतो आणि तारेला लागतो. आधी कागदावर हे सगळं ठेवायचं, मग दोन्ही एकदम आत. टिपण वाच समोरचं."

माधवीने टिपण वाचलं. पुन्हा वाचलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडेही हेच यंत्र आहे. त्याला नेहमी जळका वास येतो. मला वाटायचं, यंत्रच तसलं आहे."

बाहेर कठड्यापाशी कुणीतरी खोकल्यासारखं केलं. ते हसणं होतं.

नानखटाईचा खालचा भाग थोडा जास्त भाजला गेला, पण सहाही कागदावरून अलगद सुटल्या. माधवीने दोन खाल्ल्या, मी एक. ती सोमवारी बंगळूरला एकटीच परत गेली, आणि जाताना पुठ्ठ्याचा साचा मागून घेऊन गेली. काकांनी दामल्यांसाठी दुसरा केला. त्या शनिवारी मी बाहेर आले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "पेपरवेट म्हणाले?"

"हो, काका. ऐकलंत ना तुम्ही."

"ऐकलं. तरी तुम्ही सांगा. जोरात म्हणाले?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. मनगट धरल्याचं त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मला इतका आनंदी माणूस त्या जिन्यात परत दिसला नाही.

यानंतर वर्षभराने काकांच्या मुलाने वाघोलीला मोठं घर घेतलं. काकूंचे गुडघे दुखू लागले होते, नातवंडं तिथे होती, जाणं योग्यच होतं. धायरीहून वाघोलीला जायचं म्हणजे पुण्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, निघताना डबा बरोबर घ्यावा असं अंतर. "वाघोली म्हणजे पुणे नव्हे. तिथून नगर जवळ," एवढंच दामले म्हणाले, आणि आठवडाभर घुम्यासारखे वावरले. काकांनी त्यांना कापलेल्या पाचशे गोलांची एक रिम दिली, छापखान्यातल्यासारखी घट्ट बांधून. ती त्यांनी घेतली, पण आभार मानले नाहीत.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोने पुढे गेलं. काका आणि काकू मुलाच्या गाडीत बसले. दामले लिफ्टने खाली आले, खिडकीतून एक पुडकं आत सरकवलं आणि म्हणाले, "नानखटाई आहे. प्रवासात खा." मग दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधून उभे राहिले. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

दार उघडून काका उतरले. पुडकं दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं, अंगापासून लांब. तरातरा चालत परत आले. नानखटाई वर्तमानपत्रात बांधलेली होती. आदल्या दिवशीच्या, रंगीत पुरवणीच्या पानात.

"दामलेसाहेब, हा कागद कुठला?"

"घरातलाच आहे."

"टिपणात काय लिहिलंय? तुमच्याच हाताने लिहिलंय. छापील कागद कटाक्षाने. एवढं शिकवलं ते काय झालं?"

दामल्यांनी फाटकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "विसरायला होतं हल्ली. पुन्हा शिकवावं लागेल. वाघोलीहून बस असते रविवारी. मी चौकशी केली आहे."

 काकांनी शर्टाच्या वरच्या खिशातून तो घडी केलेला कोरा कागद काढला, दामल्यांच्या दोन्ही तळहातांवर उलगडला आणि एकेक नानखटाई त्याच्यावर ठेवायला लागले. कागद थरथरत होता. पहिली नानखटाई ठेवल्यावर जरा कमी थरथरला. मागे मुलगा हॉर्न वाजवत होता, काकू काच खाली करून दोघांच्या नावाने काहीतरी बोलत होत्या, आणि मला तिथे उभ्या उभ्या त्या दोन म्हाताऱ्यांचा सरळसरळ हेवा वाटत होता.

पुडकं बांधून झाल्यावर काकांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि दामल्यांच्या हातात परत दिली. गाडीकडे जाता जाता वळून विचारलं, "किती वाजता?"

"सव्वासात," दामले म्हणाले. "आणि उशीर करू नका."